बीटा, प्रोजेस्टेरॉन, टीएसएच: पहिल्या बारा आठवड्यांतले आकडे कसे वाचायचे?

तगर

गर्भचाचणीच्या पट्टीवर दोन रेघा दिसल्या की मुंबईत दुसऱ्या सकाळी रक्त न्यायला माणूस दारात हजर असतो आणि संध्याकाळी फोनवर रिपोर्ट येतो. डॉक्टरांची वेळ मात्र चार-पाच दिवसांनंतरची. मधल्या दिवसांत सगळं घर त्या एका आकड्याकडे बघत बसतं, जाऊबाईंचा बीटा (रक्तातल्या एचसीजी या हार्मोनचा आकडा) किती होता याच्याशी तुलना सुरू होते. ते दिवस फार जड जातात. म्हणून हा धागा. इथे लॅबमध्ये, सोनोग्राफीत, औषधांच्या दुकानात, स्त्रीरोग विभागात काम करणारे बरेच सभासद आहेत. ज्याला जे नेमकं माहीत आहे त्याने ते लिहावं. स्वतःचे अनुभव नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे.

सुरुवात मी करते, प्रोजेस्टेरॉनपासून, म्हणजे गर्भ टिकायला लागणाऱ्या हार्मोनपासून. "प्रोजेस्टेरॉन कमी होतं म्हणून गर्भ पडला" हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. रुजलेल्या गर्भाच्या बाहेरच्या पेशी एचसीजी बनवतात. ते रक्तातून अंडाशयात जातं आणि बीज सुटल्यावर तिथे उरलेल्या पिवळ्या गाठीला, म्हणजे कॉर्पस ल्युटियमला, चालू ठेवतं. ती गाठ प्रोजेस्टेरॉन देते. साधारण सात ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान हे काम वार (प्लॅसेंटा) स्वतःकडे घेते. गर्भच नीट वाढत नसेल तर एचसीजी कमी पडतं, गाठ थंडावते आणि प्रोजेस्टेरॉन उतरतं. तेव्हा कमी आलेला आकडा ही बातमी असते, कारण नव्हे. पहिल्या तीन महिन्यांतल्या जवळपास निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, तिथे गोळी-इंजेक्शन काही करू शकत नाही.

प्रोजेस्टेरॉन लागतंच, यात वाद नाही. १९७० च्या दशकात चापो यांनी दाखवलं की सातव्या आठवड्याआधी ती गाठ काढली तर गर्भपात होतो, नंतर काढली तर गर्भ टिकतो. पण "लागतं" आणि "कमी पडल्यामुळेच गेलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मायक्रोपिपेट

लॅबच्या बाजूने लिहितो. आधी बीटा एचसीजी.

एका आकड्याला अर्थ नाही. पाळी चुकल्याच्या दिवशी कुणाचा ४० असतो, कुणाचा ३००, आणि दोन्ही ठीक असू शकतात. अर्थ असतो ४८ तासांच्या फरकाने काढलेल्या दोन आकड्यांना. "दोन दिवसांत डबल झालाच पाहिजे" हा नियम म्हणून सांगितला जातो तो जुना आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दिलेले किमान वाढीचे आकडे असे: पहिला बीटा १५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत निदान ४९ टक्के, १५०० ते ३००० मध्ये ४० टक्के, ३००० च्या वर ३३ टक्के. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी वाढ संथ. आठ ते अकरा आठवड्यांत तो शिखरावर पोचतो आणि मग आपोआप उतरतो. दहाव्या आठवड्यानंतर बीटा उतरला म्हणून कुणी घाबरत असेल तर त्या वेळी ती टेस्टच करायला नको होती.

उदाहरण घ्या. सोमवारी सकाळी ८ ला ४२०, बुधवारी सकाळी ८ ला ६९०. डबल नाही, वाढ ६४ टक्के. हे चांगलं आहे.

आता खरी गडबड कुठे होते ते. दुसरं रक्त नेमकं ४८ तासांनी निघत नाही. रविवारी सेंटर दुपारपर्यंतच उघडं, पाऊस पडला, घरी येणारा माणूस अडकला. समजा पहिला ९०० आणि ३४ तासांनी दुसरा १२००. सरळ टक्केवारी ३३ येते आणि घरात रडारड. पण ४८ तासांवर आणायचं असेल तर फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरा: १२०० भागिले ९०० म्हणजे १.३३. याचा घात ४८ भागिले ३४, म्हणजे १.४१. उत्तर १.५०. वाढ ५० टक्के, म्हणजे किमान रेषेच्या जेमतेम वर. आनंदाने उड्या मारण्यासारखं नाही, पण "गेलं" म्हणण्यासारखंही नाही. त्यासाठी रिपोर्टवरची नमुना घेतल्याची वेळ बघायची, रिपोर्ट छापल्याची नव्हे. दोन्ही वेळा कागदावर असतात, बहुतेक जण खालची वाचतात.

दोन्ही वेळा लॅब एकच हवी. पहिला नमुना दादरला आणि दुसरा बोरिवलीला दुसऱ्या कंपनीकडे दिला तर मशीन वेगळं, किट वेगळं. तोच नमुना दोन मशीनांवर वेगवेगळा आकडा देतो. मोठ्या साखळी लॅबमध्येही विचारून घ्या की दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत तपासले जाणार आहेत ना.

दीपमाळ

मायक्रोपिपेट, रिपोर्टच्या मागे आठवड्यांचा तक्ता असतो त्याबद्दलही लिहा. प्रसूतिपूर्व बाह्यरुग्ण विभागात सगळ्यांत जास्त प्रश्न त्यावरच येतात.

मायक्रोपिपेट

बरं झालं आठवण केलीत. काही लॅब तो तक्ता शेवटच्या पाळीपासूनच्या आठवड्यांचा छापतात, काही गर्भधारणेपासूनच्या. दोघांत दोन आठवड्यांचा फरक. वरची ओळ न वाचता "पाचवा आठवडा" शोधला तर सगळं चुकतं. शिवाय तक्त्यातली रेंज इतकी रुंद असते की तिच्यात असणं-नसणं फारसं काही सांगत नाही.

आणि एक, हे सगळ्यांनी वाचा. बायोटिन. केस गळतात म्हणून ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी खाणाऱ्या खूप जणी आहेत. काही मशीनांची टेस्ट बायोटिनच्या जोडणीवरच चालते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर अशा मशीनवर एचसीजी आणि टीएसएच (थायरॉइडला चालवणारं हार्मोन) खोटे कमी दिसतात आणि प्रोजेस्टेरॉन, एस्ट्राडायॉल खोटे जास्त. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याचा इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस गोळी बंद ठेवा आणि नमुना घेणाऱ्याला सांगा. "केसांची गोळी" हे औषध आहे असं कुणाला वाटतच नाही, म्हणून फॉर्मवर कुणी लिहीत नाही.

आययूआय किंवा आयव्हीएफ या वंध्यत्वावरच्या उपचारांत बीज सोडण्यासाठी एचसीजीचं ५००० किंवा १०,००० युनिटचं इंजेक्शन दिलं असेल तर ते दहा ते चौदा दिवस रक्तात सापडतं. त्याआधी काढलेला बीटा इंजेक्शनचाच असू शकतो.

सायलीची वेल

लघवीच्या पट्टीबद्दल: रोज एक पट्टी करून रेघ गडद होते का हे बघण्यात काही हशील नाही. सकाळची लघवी घट्ट, दुपारची पातळ, तेवढ्यानेही रेघ बदलते. आणि सात-आठ आठवड्यांनंतर बीटा खूप वाढल्यावर काही पट्ट्यांवर रेघ उलट फिकट पडते.

मायक्रोपिपेट

बरोबर. उलट बाजूही आहे. रक्तात बीटा सतत २०-३० च्या आसपास, ना वाढ ना घट, आणि लघवीत निगेटिव्ह, असं असेल तर रक्तातली काही प्रतिपिंडं टेस्टला फसवत असण्याची शक्यता असते. तो नमुना वेगळ्या कंपनीच्या मशीनवर करून घ्यायचा. लॅब बदला असं मी फक्त याच प्रसंगी सांगेन.

तगर

प्रोजेस्टेरॉनचा आकडा कोण घेतंय?

सायलीची वेल

मी लिहिते.

आधी एकक बघा. आपल्याकडे बहुतेक रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतात. परदेशी लेख वाचून तुलना करणारे नॅनोमोलमधले आकडे घेऊन बसतात. नॅनोमोलला ३.१८ ने भागा. ३५ नॅनोमोल म्हणजे सुमारे ११ नॅनोग्रॅम.

ढोबळमानाने २० च्या वर असेल तर गर्भ व्यवस्थित असण्याची शक्यता चांगली, ५ च्या खाली असेल तर फार कमी. मधला पट्टा मोठा आहे आणि तिथे हा आकडा निर्णय देऊ शकत नाही. शिवाय प्रोजेस्टेरॉन दिवसभर एकसारखं नसतं, झटक्याझटक्याने सुटतं, त्यामुळे सकाळी १४ आणि संध्याकाळी ११ आलं तर "घसरलं" असं समजू नये.

याचा उपयोग एकाच जागी चांगला आहे. रक्तस्राव किंवा दुखणं आहे आणि सोनोग्राफीत अजून काही स्पष्ट दिसत नाही, तेव्हा. २०१२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार अशा बायकांत एकच आकडा ६ च्या खाली असेल तर गर्भ न टिकण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर होती. पण गर्भ गर्भाशयात आहे की नळीत (बीजवाहिनीत), हे तो आकडा सांगत नाही. काहीच त्रास नसताना "बघून घेऊ" म्हणून केलेल्या प्रोजेस्टेरॉनचा उपयोग काळजी वाढवण्यापलीकडे नाही, असं माझं ठाम मत आहे.

औषधवाला गोरेगाव

इथे एक फार मोठी गैरसमजूत दूर करतो. डुफास्टन, म्हणजे डायड्रोजेस्टेरॉन, हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं पण वेगळं रसायन आहे. प्रोजेस्टेरॉनच्या टेस्टमध्ये ते मोजलं जात नाही. "पंधरा दिवस गोळ्या घेतल्या तरी आकडा वाढला नाही" हे दुकानावर वारंवार ऐकू येतं. तो वाढणारच नसतो. योनीमार्गे ठेवायच्या कॅप्सूलचंही जवळपास तसंच, औषध थेट गर्भाशयात जास्त पोचतं, रक्तात त्या मानाने कमी दिसतं. म्हणून औषध चालू असताना प्रोजेस्टेरॉन पुन्हा पुन्हा मोजून डोस वाढवत जाण्याला आधार नाही.

मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल तोंडाने आणि योनीमार्गे, दोन्ही प्रकारे लिहून दिली जाते. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते दुकानदाराकडून वाचून घ्या. तोंडाने घेतली तर झोप आणि गरगर येते. सकाळी घेऊन ८.१२ च्या विरार लोकलच्या दारात उभं राहणं धोक्याचं, तेव्हा रात्री झोपताना घ्या. योनीमार्गे ठेवायची असेल तर हात धुऊन, आडवं होऊन, बोट जाईल तितकी आत सारायची आणि वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. नंतर पांढरट चिकट स्राव येतो, ते कॅप्सूलचं तेल आणि आवरण, जंतुसंसर्ग नव्हे. पातळ पॅड वापरा, टॅम्पॉन नको. काही ब्रँडमध्ये शेंगदाणा तेल असतं, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सांगा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

दीपमाळ

मग प्रोजेस्टेरॉन द्यायचं कुणाला? सरसकट सगळ्यांनाच लिहिलेलं दिसतं.

सायलीची वेल

याचं उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. प्रॉमिस नावाची चाचणी २०१५ मध्ये आली. कारण न सापडलेले तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या ८३६ बायका, रक्तस्राव नसताना प्रोजेस्टेरॉन दिलं. जिवंत बाळ झालं ६५.८ टक्के जणींना, खोट्या औषधाच्या गटात ६३.३. ठोस म्हणावा असा फरक नाही. मग २०१९ मध्ये प्रिझम आली, ४१५३ बायका, सुरुवातीच्या दिवसांत रक्तस्राव असलेल्या. एकूण फरक ७५ विरुद्ध ७२, म्हणजे पुन्हा निर्णायक नाही. पण ज्यांना आता रक्तस्राव आहे आणि आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेत, त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७. हा फरक खरा दिसतो.

त्यावरून ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ च्या नोव्हेंबरात सूचना बदलली: सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात आहे हे नक्की झालंय, आता रक्तस्राव आहे आणि आधी किमान एक गर्भपात झालाय, अशा बाईला ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा योनीमार्गे द्यावं. ठोके दिसले तर १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. म्हणजे २०० च्या दोन कॅप्सूल सकाळी, दोन रात्री.

यात आकडा कुठेच नाही हे लक्षात घ्या. कुणाला द्यायचं ते रक्तस्राव आणि आधीचा इतिहास यांवर ठरतं, प्रोजेस्टेरॉनच्या रिपोर्टवर नाही. पहिलीच खेप, रक्तस्राव नाही, आधी काही नाही, अशा बाईला ते देऊन फायदा दिसलेला नाही. अंथरुणाला खिळून राहण्याचाही फायदा दिसलेला नाही. जेवण, हलकं काम, चालणं चालू ठेवा.

एक सावधगिरी: प्रोजेस्टेरॉन चालू असताना गर्भ थांबलेला असला तरी रक्तस्राव लांबू शकतो. "ब्लीडिंग थांबलं म्हणजे सगळं ठीक" असं धरून सोनोग्राफी पुढे ढकलू नका.

काळी शाई

सोनोग्राफीच्या खोलीतून.

पोटावरून नाही, आतून केलेल्या सोनोग्राफीत साडेचार ते पाच आठवड्यांत पिशवी दिसते, साडेपाचच्या आसपास योक सॅक (पिशवीच्या आत दिसणारी छोटी गोल पिशवी), सहाच्या आसपास गर्भ आणि ठोके. हे आठवडे २८ दिवसांच्या पाळीचे. पाळी चाळीस दिवसांनी येत असेल तर बीजच बारा दिवस उशिरा सुटलंय. कागदावर "सहा आठवडे", प्रत्यक्षात जेमतेम सव्वाचार. "ठोके नाहीत" ऐकून कोसळण्याआधी ही वजाबाकी करा, आणि पाळीच्या तारखा लिहिलेलं कॅलेंडर बरोबर आणा.

गर्भ थांबला असं म्हणायला कडक निकष आहेत. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त आणि ठोके नाहीत. किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त आणि गर्भ नाही. किंवा पिशवीत योक सॅक दिसल्यानंतर ११ दिवसांनीही, नुसती पिशवी दिसली असेल तर दोन आठवड्यांनीही, ठोके असलेला गर्भ नाही. यापेक्षा कमी काही असेल तर ते संशयाचं, निदानाचं नव्हे. गर्भ ५ मिलिमीटर आणि ठोके नाहीत, तर सात ते दहा दिवसांनी पुन्हा बघायचं. त्या दिवशी गोळ्या घेऊन मोकळं होण्याची घाई कुणी करायला लावत असेल तर दुसरं मत घ्या.

रिपोर्टात "थ्रेटन्ड अबॉर्शन" असं येतं ते वाचून माणसं हादरतात. वैद्यकीय भाषेत आपोआप होणाऱ्या गर्भपातालाही अबॉर्शनच म्हणतात. त्या दोन शब्दांचा अर्थ एवढाच: रक्तस्राव आहे, गर्भाशयाचं तोंड बंद आहे, गर्भ अजून आत आहे. त्यातल्या बऱ्याच जणींची गर्भावस्था पुढे नीट जाते.

गर्भावस्थेतल्या प्रत्येक सोनोग्राफीला लिंगनिदानबंदी कायद्याखालचा फॉर्म एफ भरावा लागतो, ओळखपत्र बरोबर ठेवा. घाईच्या वेळी त्यापायी खोळंबा होतो.

तगर

काळी शाई, बीटा किती असला की पिशवी दिसायलाच हवी?

काळी शाई

पूर्वी १५००-२००० म्हणत. आता ३५०० धरतात, कारण २००० ला न दिसलेली पिशवी चार दिवसांनी दिसल्याची आणि चांगली निघाल्याची उदाहरणं पुरेशी आहेत. पण ३५०० च्या वर बीटा आणि गर्भाशय रिकामं असेल तर गर्भ नळीत आहे का हे त्याच दिवशी शोधायचं.

या धाग्यात माझ्या मते हेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. गर्भपात दुःखाचा असतो, नळीतला गर्भ जीव घेऊ शकतो. बीटा धड वाढत नाही, धड उतरत नाही, ही त्याची नेहमीची चाल. पण नीट वाढणारा बीटाही नळीतला असू शकतो, आणि आकडा ५०० असतानाही नळी फुटू शकते. एका बाजूला ओटीपोटात दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, शौचाला जावंसं वाटून दुखणं: यातलं काही असेल तर बीटाच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा टॅक्सीने निघा. केईएम, सायन, नायर, कूपर, यांपैकी जवळचं गाठा. पावसाळ्यात हिंदमाता-सायनच्या बाजूला पाणी भरलेलं असेल तर तुमच्या बाजूचं मोठं रुग्णालय कोणतं हे आधीच ठरवून ठेवा. संशय आहे असं डॉक्टर म्हणाले असतील तर त्या आठवड्यात गावी जाऊ नका.

औषधवाला गोरेगाव

नळीतल्या गर्भासाठी मेथोट्रेक्सेटचं (गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन दिलं तर घरातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या उचलून बाजूला ठेवा. ते औषध फॉलिक ॲसिडच्या विरुद्धच काम करतं, आणि सवयीने गोळी घेतली जाते. चौथ्या दिवशी बीटा वाढलेला दिसू शकतो, घाबरू नका. चौथ्या ते सातव्या दिवसात १५ टक्के तरी उतरला पाहिजे. पुढे निदान तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

थायरॉइडचा पाढा

टीएसएचबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. थोडक्यात लिहितो.

आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवा. पट्टी पॉझिटिव्ह आली की गोळीची गरज २५ ते ३० टक्के वाढते. सोपी पद्धत म्हणजे आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या, दोन दिवस दोन-दोन. हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, म्हणजे भेटीची वेळ मिळेपर्यंत आठवडे वाया जात नाहीत. मग दर चार आठवड्यांनी टीएसएच. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. बिघडतं ते इथेच: सकाळच्या घाईत थायरॉइडची आणि लोहाची गोळी एकाच घोटात जाते आणि टीएसएच वर चढतो.

गोळी न घेणाऱ्यांत वरची मर्यादा साधारण ४ धरतात. ८ ते १२ आठवड्यांत एचसीजी स्वतःच थायरॉइडला थोडं चेतवतं, म्हणून टीएसएच खाली जातो. तेव्हा ०.२ आला म्हणून मनाने गोळी कमी करू नका. थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं आहेत पण टीएसएच ठीक, अशा बायकांना गोळी देऊन फायदा होत नाही हे २०१९ च्या 'टॅब्लेट' नावाच्या चाचणीत दिसलं.

प्रोलॅक्टिन गर्भावस्थेत सगळ्यांचंच वाढतं, तेव्हा ते मोजूच नये. मधुमेह असेल तर मात्र एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) बघाच, दिवस राहायच्या आधी ६.५ च्या खाली हवं.

दीपमाळ

सगळे हार्मोन नॉर्मल आणि तरी तीन वेळा गेलं, तर?

सायलीची वेल

तर हार्मोन पुन्हा तपासण्यात पैसे घालू नका. अँटीफॉस्फोलिपिड, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याकडे कल वाढवणाऱ्या, प्रतिपिंडांच्या तीन टेस्ट करा: ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन, अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या तर बारा आठवड्यांनी पुन्हा, कारण साध्या तापानंतरही काही काळ पॉझिटिव्ह येतात. दोन्ही वेळा आल्या तर कमी डोसची ॲस्पिरिन आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन), यांचा उपयोग होतो. गर्भाशयात पडदा आहे का ते थ्री-डी सोनोग्राफीत बघा.

आणि पुढच्या वेळी, दुर्दैवाने तशी वेळ आलीच, तर गर्भाचा नमुना गुणसूत्र तपासणीला पाठवा.

मायक्रोपिपेट

त्या नमुन्याबद्दल. गुणसूत्र तपासणीसाठी तो निर्जंतुक डबीत साध्या सलाइनमध्ये द्यायचा. फॉर्मलिनमध्ये टाकला की पेशी मरतात आणि पेशी वाढवून करायची तपासणी होतच नाही. फॉर्मलिन हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दोन्ही हव्या असतील तर दोन डब्या. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीने सगळं फॉर्मलिनमध्ये जातं, तेव्हा भूल देण्याआधीच सिस्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. घरीच झालं तर स्वच्छ डबीत सलाइन घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा.

दीपमाळ

रक्तगट निगेटिव्ह असेल तर?

सायलीची वेल

पहिल्याच भेटीत सांगा आणि कार्डवर लाल शाईने लिहून घ्या. अँटी-डीचं इंजेक्शन (आईच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून देतात ते) लागणार असेल तर ७२ तासांच्या आत. आणि गर्भपातानंतर तीन आठवड्यांनी लघवीची पट्टी करा. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर आत काही राहिलंय किंवा नळीत आहे असं धरून दाखवायला जा.